शून्य गोलांचा कप्तान

आमच्या हॉस्टेलच्या टीममध्ये बॅकला कोण खेळणार, हे ठरवण्याची पद्धत एकदम सोपी आहे. ग्राउंडवर जो सगळ्यात शेवटी पोचतो तो बॅक! फॉरवर्डच्या जागा आधीच गेलेल्या असतात, मधल्या फळीत सीनियर्सची मक्तेदारी, आणि गोलकीपर तोच ज्याच्याकडे ग्लोव्हज आहेत. माझं प्रॅक्टिकल नेमकं सगळ्यात उशिरा सुटायचं. त्यामुळे मी पहिल्या सेमिस्टरपासून बॅक झालो, तो आजतागायत बॅकच आहे.

बॅकच्या आयुष्यात एक गंमत असते. त्याने दिवसभर चांगलं काम केलं तर मॅचमध्ये काहीच होत नाही. गोल होत नाही, आरडाओरडा होत नाही, मेसमध्ये जेवताना त्याचा विषय निघत नाही. मात्र एकदा का पाय घसरला, की पुढचे पंधरा दिवस नोटीस बोर्डापासून बाथरूमच्या रांगेपर्यंत तोच विषय! आमच्या हॉस्टेलच्या पंपावरच्या काकांचं असंच आहे. पाणी येतं तोवर त्यांचं नाव कुणालाच माहीत नसतं. ज्या दिवशी नळ कोरडा, त्या दिवशी अख्खं हॉस्टेल त्यांना नावाने हाका मारतं.

हे सगळं आठवण्याचं कारण म्हणजे एक सिनेमा. विंगमधल्या एकाच्या हार्ड डिस्कवर 'माँटेव्हिडिओ' नावाचा सर्बियन सिनेमा होता. २०१० सालचा, द्रागान ब्येलोग्रलिच या दिग्दर्शकाचा. १९३० साली पहिल्या फुटबॉल वर्ल्ड कपला बेलग्रेडची पोरं कशी निघाली, त्याची गोष्ट. सबमिशनच्या आदल्या रात्री सबटायटल्स वाचत आम्ही तो पाहिला. सिनेमाचे हीरो दोन, तिर्नानिच आणि मार्यानोविच. दोघेही फॉरवर्ड! अर्थात, हीरो बॅक असता तर सिनेमाला पैसे कुणी घातले असते? पण कप्तान कोण होता याचा मी शोध घेतला, आणि निघाला बॅक. नाव मिलुतिन इव्कोविच. लोक त्याला 'मिलुतिनाट्स' म्हणायचे. मग मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत गेलो. आता ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

इव्कोविचचा जन्म ३ मार्च १९०६ चा, बेलग्रेडमधला. म्हणजे पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तो आठ वर्षांचा पोरगा. युद्ध संपल्यावर सर्ब, क्रोएट, स्लोव्हेन यांचं मिळून एक नवं राज्य झालं, पुढे त्याचंच नाव युगोस्लाव्हिया पडलं. १९२२ पासून, म्हणजे सोळाव्या वर्षापासून, तो बेलग्रेडच्या 'एस. के. युगोस्लाव्हिया' या क्लबकडून खेळायला लागला. या क्लबने १९२४ आणि १९२५ अशी लागोपाठ दोन वर्षं देशाचं विजेतेपद मिळवलं. आणि खेळता खेळता हा पठ्ठ्या शिकत काय होता? तर डॉक्टरकी! पुढे तो खराखुरा डॉक्टर झाला, त्वचारोगांचा. आपल्याकडे इंटर-कॉलेजसाठी दोन लेक्चर्स बुडाली तर अटेंडन्सचा प्रश्न उभा राहतो, आणि हा मेडिकलला असताना देशाकडून खेळत होता.

देशाकडून त्याची पहिली मॅच २८ ऑक्टोबर १९२५ ला, प्रागमध्ये चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध. निकाल ७-०. हरले! बॅक म्हणून पहिल्याच मॅचला सात गोल! आमच्यात एखाद्याच्या पहिल्या मॅचला तीन झाले तरी तो दुसऱ्या दिवशी गुडघा दुखतोय म्हणून सांगतो.

इथे थोडं तांत्रिक बोलायला हवं. त्याच वर्षी, १९२५ मध्ये, ऑफसाइडचा नियम बदलला होता. आधीचा नियम असा, की पास दिला जातो त्या क्षणी फॉरवर्ड आणि गोललाइन यांच्यामध्ये विरुद्ध संघाचे किमान तीन खेळाडू पाहिजेत. त्यावेळी संघाची रचना असायची २-३-५. गोलकीपर, दोन बॅक, तीन हाफ आणि तब्बल पाच फॉरवर्ड. तीनचा नियम होता तेव्हा बॅकची चैन होती. एक बॅक पुढे सरकायचा, दुसरा मागे थांबायचा. पुढच्या बॅकला ओलांडून जो फॉरवर्ड आत घुसेल त्याच्यासमोर उरायचे दोनच, दुसरा बॅक आणि गोलकीपर. म्हणजे ऑफसाइड! आणि अंदाज चुकलाच, तर मागचा बॅक सांभाळायला असायचाच. १९२५ मध्ये तीनाचे दोन केले. आता एका बॅकने पुढे सरकून काही उपयोग नाही. सरकायचं तर दोघांनी एकाच वेळी. अर्ध्या सेकंदाचा घोळ झाला की मागे फक्त गोलकीपर. आपल्या भाषेत सांगायचं तर सिस्टिममधली रिडंडन्सीच काढून टाकली. इंग्लंडच्या लीगमध्ये एका हंगामात गोलांची संख्या एक तृतीयांशाहून जास्त वाढली. तिकडे लंडनच्या आर्सेनलने मधल्या हाफला मागे खेचून तिसरा बॅक केला, पण मध्य युरोपातले संघ कितीतरी वर्षं दोनच बॅक घेऊन खेळत राहिले.

आता कल्पना करा. बॅकचं काम सगळ्यात अवघड झालं नेमकं त्याच वर्षी हा एकोणीस वर्षांचा पोरगा देशाचा बॅक झाला, आणि पहिल्याच दिवशी सात गोल पाहिले. तरी तो टिकला. १९२८ साली अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकला गेला, तिथे पोर्तुगालने २-१ असं हरवून घरी पाठवलं. तरीही टिकला. १९२५ ते १९३४ या काळात देशासाठी एकूण ३९ सामने. आणि गोलच्या रकान्यात? शून्य! मला तो आकडा फार आवडतो. ३९ सामने, ० गोल. असा बायोडेटा आपण प्लेसमेंटला नेला तर एचआरवाले विचारतील, ''मग तुम्ही नेमकं केलंत काय?''

आता १९३०. पहिला वर्ल्ड कप उरुग्वेत होता. युरोपातून जहाजाने जायचं म्हणजे दोन आठवड्यांच्या वर समुद्रात, आणि येणं-जाणं धरून कामधंद्याचे दोन महिने पाण्यात. त्यामुळे मोठमोठ्या देशांनी नकार कळवला. युरोपातून चारच संघ गेले: फ्रान्स, बेल्जियम, रुमानिया आणि युगोस्लाव्हिया. पहिले तीन 'कोंते वेर्दे' या जहाजाने, आणि युगोस्लाव्हियाचा संघ मार्सेय बंदरातून 'फ्लोरिडा' नावाच्या जहाजाने.

त्यातही एक भानगड होतीच. फुटबॉल संघटनेचं मुख्यालय झाग्रेबहून बेलग्रेडला हलवलं म्हणून क्रोएशियाच्या खेळाडूंनी बहिष्कार टाकला. म्हणजे नावाला युगोस्लाव्हिया, पण संघ सगळा बेलग्रेडच्या क्लबांचा, जोडीला फ्रान्समध्ये खेळणारे तिघे. पोरं बहुतेक विशीतली. कप्तान इव्कोविच चोवीस वर्षांचा, म्हणजे त्यांच्यात वडीलधाराच म्हणायचा! कोच बॉश्को सिमोनोविच, पेशाने आर्किटेक्ट. म्हणजे आर्किटेक्ट कोच आणि कप्तान मेडिकलचा विद्यार्थी. खेळ आणि शिक्षण यांचं वैर असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही टीम एकदा बघावी.

१४ जुलै १९३० ला माँटेव्हिडिओच्या पार्के सेंट्राल मैदानावर समोर होता ब्राझील. जुलै म्हणजे तिकडे ऐन हिवाळा. ब्राझीलच्या घरातही तोच तमाशा: रिओ आणि साओ पाउलोच्या संघटनांचं भांडण, त्यामुळे संघ जवळपास सगळा रिओचा. म्हणजे दोन शहरांच्या भांडणातून उरलेला अर्धा संघ, तशाच दुसऱ्या अर्ध्या संघासमोर! तिर्नानिचने २१ व्या मिनिटाला गोल केला, बेकने ३० व्या. ब्राझीलच्या प्रेगिन्योने ६२ व्या मिनिटाला एक फेडला. उरली अठ्ठावीस मिनिटं. त्या काळी बदली खेळाडू हा प्रकारच नव्हता. जे अकरा उतरले तेच शेवटपर्यंत, पाय मोडला तरी. त्या अठ्ठावीस मिनिटांत दुसरा गोल झाला नाही. गोलकीपर याक्शिच त्या दिवसापासून तिथल्या लोकांचा 'एल ग्रांदे' झाला. पण गोलकीपरच्या पुढे दोन बॅक होते, आणि त्यातला एक कप्तान होता. २-१!

तीन दिवसांनी बोलिव्हियाला ४-० हरवलं आणि युगोस्लाव्हिया थेट सेमीफायनलला. समोर यजमान उरुग्वे. २७ जुलै, सेंतेनारिओ स्टेडियम, ८० हजारांच्या आसपास लोक. चौथ्याच मिनिटाला वुयादिनोविचने गोल करून अख्खं स्टेडियम गप्प केलं. पुढे काय झालं ते आकडेच सांगतात: ६-१. मध्यंतरालाच ३-१ झाले होते. युगोस्लाव्हियाचा दुसरा गोल ऑफसाइड म्हणून नाकारला गेला, आणि उरुग्वेच्या एका गोलाआधी लाइनबाहेर गेलेला चेंडू कडेच्या पोलिसाने लाथेने आत ढकलला, असं तिकडे आजही सांगतात. खरं-खोटं ते पोलिसालाच ठाऊक! पण खरी गोष्ट अशी, की उरुग्वे भारी होता. तो पुढे चॅम्पियनही झाला.

तिसऱ्या जागेसाठी मॅच झालीच नाही. फिफाने १९८६ मध्ये कागदावर अमेरिकेला तिसरं आणि युगोस्लाव्हियाला चौथं ठरवलं. छप्पन्न वर्षांनी रिझल्ट! आपलं युनिव्हर्सिटीचं रीव्हॅल्युएशन त्यापेक्षा लवकर येतं, एवढं समाधान मानायला हरकत नाही.

इथवर वाचून कुणी म्हणेल, बरं आहे, एका हरलेल्या सेमीफायनलच्या कप्तानाची गोष्ट, यात एवढं काय? मलाही इथे थांबता आलं असतं. शेवटची मॅच १६ डिसेंबर १९३४, पॅरिसमध्ये फ्रान्सकडून ३-२ ने हार. बूट खुंटीला टांगले, डॉक्टर झाला, सुखी झाला... अशी गोष्ट असती तर हा लेख मी लिहिला नसता.

इव्कोविच कम्युनिस्ट होता. त्या देशात हा पक्ष १९२० च्या दशकाच्या सुरुवातीपासून बंदीत होता. म्हणजे नुसतं नाव घेतलं तरी पोलीस दारात. मला त्याच्या पक्षाची बाजू मांडायची नाही. आपल्या हॉस्टेलमध्ये त्यावरून आधीच पुरेशी भांडणं होतात. मला सांगायचं आहे ते १९३६ बद्दल. हिटलरच्या बर्लिनमध्ये ऑलिंपिक ठरलं होतं. जगभर काही लोक म्हणत होते, तिथे जाऊ नका, त्या सोहळ्याला शोभा आणू नका. युगोस्लाव्हियात या बहिष्काराच्या मोहिमेत पुढे होता आपला माजी कप्तान. स्वतः एकेकाळी ऑलिंपिक खेळलेला माणूस. त्या चार अक्षरांसाठी खेळाडू काय काय करतो हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि तरी तो इतरांना सांगत होता, जाऊ नका.

हे वाचून मी जरा अडखळलो. कारण बर्लिन १९३६ म्हटलं की आपल्याला आठवतात ध्यानचंद! १५ ऑगस्टची ती फायनल, जर्मनीवरचा ८-१ असा विजय. लहानपणापासून आपण ती गोष्ट छाती फुगवून ऐकली आहे. मग काय, ध्यानचंद गेले ते चुकलं? मला तसं म्हणवत नाही. गुलाम देशाच्या खेळाडूंनी हिटलरच्या बर्लिनमध्ये जर्मनीला आठ गोल मारले, त्याचीही किंमत आहे. पण त्याच गावी जायला नाही म्हणणाऱ्या माणसाचीही किंमत आहे. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, आणि त्याचं उत्तर गाइडच्या मागच्या पानावर मिळत नाही. मी यावर रूममेटशी दोन रात्री वाद घातला. तो म्हणाला, ''खेळाडूने खेळावं, बाकीच्यात कशाला पडावं?'' मी म्हणालो, ''बॅकचं कामच पडायचं असतं.'' तो हसला. मी मात्र ते अर्धं गमतीत म्हटलं होतं, अर्धं नाही.

बहिष्कार यशस्वी झाला का? नाही. युगोस्लाव्हियाचे खेळाडू बर्लिनला गेले, त्यांच्या लिऑन श्टुकेलने जिम्नॅस्टिक्समध्ये रौप्यपदकही आणलं. म्हणजे इथेही इव्कोविचच्या नावापुढे शून्यच! तो तरुणांसाठी 'म्लादोस्त' नावाचं नियतकालिक काढत राहिला. म्लादोस्त म्हणजे तारुण्य. आपल्या या मॅगझिनचे संपादक सबमिशनच्या तारखेला आमच्या मागे लागतात, त्याच्या मागे पोलीस होते, एवढाच काय तो फरक.

६ एप्रिल १९४१ ला जर्मन विमानांनी बेलग्रेडवर बॉम्ब टाकले. अकरा दिवसांत देश शरण गेला. ज्या राजवटीच्या सोहळ्याला जाऊ नका म्हणून हा पाच वर्षांपूर्वी घसा कोरडा करत होता, तीच राजवट आता त्याच्या गल्लीत उभी होती. जुलै १९४१ मध्ये शहराच्या बान्यित्सा भागात छळछावणी उघडली. तिथल्या वह्यांमध्ये २३ हजारांवर कैद्यांची नोंद आहे. त्यातल्या हजारोंना जवळच्या यायिन्त्सी इथे नेऊन गोळ्या घातल्या.

डॉ. मिलुतिन इव्कोविचला २४ मे १९४३ च्या रात्री पकडून नेलं. दुसऱ्याच दिवशी, २५ मे ला, त्याला गोळ्या घालण्यात आल्या. वय सदतीस. बेलग्रेड मुक्त झालं २० ऑक्टोबर १९४४ ला, म्हणजे आणखी सतरा महिन्यांनी.

मित्रहो, हे वाचल्यावर मला वाटलं, आता या माणसाचा हिशेब कसा मांडायचा? आपण इंजिनिअर लोक, आपल्याला इनपुट-आउटपुट हवं असतं. गोल शून्य. सेमीफायनल ६-१. बहिष्कार फसला. देशावर कब्जा झाला, आणि सुटकेचा दिवस बघायला तो राहिला नाही. आउटपुटच्या रकान्यात लिहायचं काय?

घरून मला हल्ली फोनवर हेच विचारतात, फक्त वेगळ्या शब्दांत. ''खेळून काय मिळालं?'' बाबांचं बरोबर आहे. त्यांनी कर्ज काढून मला इथे पाठवलंय, आणि माझ्याकडे दाखवायला एकही ट्रॉफी नाही. ट्रॉफी मिळतात 'बेस्ट स्कोअरर'ला. 'ज्याच्यामुळे गोल झाले नाहीत' अशी ट्रॉफी मी अजून कुठल्या गॅदरिंगला पाहिलेली नाही. थर्ड इयरला आल्यावर खेळ सोडावा, निदान आता तरी अ‍ॅप्टिट्यूडच्या पुस्तकांना हात लावावा, असं सगळेच सांगतात. या माणसाची गोष्ट वाचेपर्यंत मीही जवळजवळ ठरवून टाकलं होतं.

पण एक गोष्ट कळली. न झालेल्या गोष्टी मोजता येत नाहीत, म्हणून त्या नव्हत्याच असं नाही. ब्राझीलविरुद्धच्या त्या अठ्ठावीस मिनिटांत किती गोल झाले नाहीत, हे कुठल्या वहीत लिहिलेलं नाही. सर्किट ब्रेकरने किती आगी लागू दिल्या नाहीत, याचं जर्नल कुणी भरत नाही. इव्कोविचच्या सांगण्यावरून बर्लिनला जायचं की नाही याचा विचार करत किती पोरं रात्रभर जागी राहिली, हेही कुणी मोजलेलं नाही. आणि बॅक सहा गोल झाल्यावरही सातव्यासाठी पळतो. पहिल्या मॅचला सात खाल्लेला माणूस दुसऱ्या मॅचला उतरतो, तेव्हाच त्याचं पुढचं सगळं ठरलेलं असतं असं मला वाटतं. प्लेसमेंटचा अभ्यास मी करतोच आहे, करावाच लागणार. पण संध्याकाळी ग्राउंडवरही जातोय. बाबांना तसं सांगितलंय. ते अजून गप्प आहेत.

इव्कोविचचं सगळंच नंतर पुसलं गेलं म्हणायचं. त्याचा क्लब एस. के. युगोस्लाव्हिया १९४५ मध्ये बंद केला गेला. त्याचं मैदान मिळालं नव्या रेड स्टार क्लबला. ज्या देशाचा तो कप्तान होता, तो देशही पुढे फुटत फुटत नकाशावरून गेला. क्लब नाही, देश नाही, गोल तर कधीच नव्हते.

उरलंय ते एवढंच. बेलग्रेडमध्ये आज जिथे पार्टिझान क्लबचं स्टेडियम आहे, तिथे पूर्वी 'बास्क' क्लबचं मैदान होतं. एस. के. युगोस्लाव्हिया सोडल्यावर इव्कोविच या बास्ककडून खेळला होता. त्या स्टेडियमवर १९५१ साली त्याच्या नावाची पाटी लावली, आणि शेजारून जाणाऱ्या रस्त्याला त्याचं नाव दिलं. मॅचच्या दिवशी हजारो लोक त्या रस्त्याने आत जातात. बहुतेक जण गोल बघायला जात असतील. जाताना ते एका बॅकच्या अंगावरून जातात.